फुगे कशानं फुगतात

लवू, तू आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, चहा निवला तर निवू दे, तुझे मालवणी टोमणे नंतर मार. आज दुपारी कमिटीत कोठारेसाहेबांनी चष्मा काढला, कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘गिल्बर्ट, तुम्ही तर त्याच गावचे. तुमच्या घरी फुगे कशानं फुगतात?’’ बस, एवढंच. रागानं नाही रे, हसून. आणि माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. डोक्यावरच्या पंख्याची एक पात वाकडी आहे, प्रत्येक फेरीला टक् करते, ते टक् मला कानात नाही, दाढेत ऐकू यायला लागलं. अरे, हा काय प्रश्न आहे? तुला विचारला असता तर तूसुद्धा सांगितलं असतंस. तू खाल्लेयस आमचे फुगे, रोझारिओकाकाच्या पोराच्या लग्नात. मटणाला हात लावणार नाही म्हणालास आणि नुसते फुगे हाणत बसलास. ते तळलेले, गोल, हलके, आत जाळीच जाळी. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी. ताडीशिवाय ते फुगत नाहीत हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. आणि मी बी.एस्सी. झालेला माणूस, सरकारी खुर्चीत बसलेला, समितीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि समोर अर्जदाराच्या खुर्चीत पद्मजा, जिचं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं. आणि मी गप्प. किती वेळ गप्प होतो सांगता येत नाही, पण तेवढ्यात मी कुठे कुठे जाऊन आलो ते तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल. कदाचित मलाही कळेल.

तुला माझी नोकरी माहीत आहे, म्हणजे नाही माहीत, कुणालाच नाही. आय गावभर सांगते, आमचा गिल्बर्ट सरकारात हाय. अंधेरीच्या त्या जुन्या बंगल्यात आमचं ऑफिस, संशोधन अनुदान समिती. म्हणजे कसं, कुणाला काही शोधून काढायचं असेल तर त्यानं अर्ज करायचा, आणि लोकांचा पैसा ह्याला द्यायचा की नाही ते समितीनं ठरवायचं. मी लागलो तेव्हा मला झकास वाटलं होतं यार. वाटलं, सगळा देश नव्यानं बांधतायत आणि आपण त्या कामावर लागलो. पण अर्जात शेवटी एक प्रश्न असतो, ‘या संशोधनाचा समाजाला काय लाभ?’ त्याची उत्तरं वाचायची आणि सोप्या भाषेत मेंबरांपुढे मांडायची, हे माझं काम. त्या उत्तरांनी माझ्या डोक्याची वाट लावली. एक जण कावळ्यांच्या घरट्यांचा अभ्यास करणार, चांगलं आहे, कर ना बाबा, मला आवडलं असतं वाचायला. पण तो लिहितो, अन्नधान्याची बचत. दुसरा खाडीतल्या शिंपल्यांवर काम करणार, तो लिहितो, देशाचं संरक्षण. आणि ज्याला काहीच सुचत नाही तो लिहितो, अखिल मानवजात. मला रोज वाटायचं, ह्या अखिल मानवजातीतला एक तरी इसम मला अंधेरी स्टेशनच्या बाहेर भेटावा, मी त्याला धरून विचारीन, बाबा रे, तुला पोचतंय का काही? विचारलं कुणी तुला? टेबलावर दिवसभर ‘लोक, लोक’ चालतं आणि चहा मागवताना लोकांचा कप कधी नसतो. तू हसतोयस. मीही हसायचो, घरी येऊन एथेलला नक्कल करून दाखवायचो. माझी बहीण अशी हसायची की तिला ठसका लागायचा.

आणि मग पद्मजाचा अर्ज आला. ती स्वतःच घेऊन आली, घामाघूम, हातात छत्री, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. ताडीत जे बारीक जीव असतात, यीस्ट म्हणतात त्यांना, त्यांच्यावर काम. आमच्या मुंबईच्या साष्टी बेटातल्या प्रत्येक ताडाची ताडी वेगळी का आंबते, त्यात कोण कोण राहतं, हे तिला बघायचं होतं. प्रयोगापुरती ताडी घ्यायचा तिला रीतसर परवाना होता. मी शेवटचं पान उलटलं तर लाभाच्या प्रश्नापुढे लिहिलेलं, ‘अजून सांगता येत नाही.’

‘‘बाई, हे काय लिहिलंय?’’ मी म्हटलं.

‘‘मग काय लिहू? शोधायच्या आधीच कसं सांगणार?’’

‘‘इथे असं चालत नाही.’’

‘‘ते मला कळलं. आणि बाई म्हणू नका, मी तुमच्याएवढीच असेन.’’

लवू, मला काय झालं माहीत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं उत्तर लिहिलं होतं, आणि ते उत्तर म्हणजे सरळ नकार, हे मला दिसत होतं. तिला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक कोपरा दिलेला, तोही एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या मेहरबानीनं, ते ह्या उन्हाळ्यात निवृत्त होणार. अनुदान मिळालं तर कोपरा तिचा. नाही मिळालं तर कापसाचे बोळे लावलेल्या तिच्या सगळ्या काचेच्या नळ्या मोरीत, आणि ती रत्नागिरीला, भावानं बघून ठेवलेल्या स्थळाकडे. हे ती रडत नाही बोलली रे, कंटाळून बोलली, आपण रेशनच्या रांगेबद्दल बोलतो तसं. मग मी म्हटलं, अहो, लाभ नाही कसा? आमच्या घरी या एकदा. दाखवतो लाभ.

ती आली. रविवार होता, आयनं फुगे केलेले. ‘‘अंडं असतं हां ह्यात,’’ मी सांगितलं. ‘‘रत्नागिरीला कळवू नका म्हणजे झालं,’’ पद्मजा म्हणाली आणि खाल्ले, एकामागून एक. आय खूश. ‘‘खा गो बाय, लाजू नको, हाडां दिसतान तुजी,’’ असं म्हणत तिच्या बशीत टाकत राहिली. माझी एव्हामावशी चुलीपुढे बसलेली, पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठ्याच्या वरून गोळा बाहेर येतो तो पाण्यात भिजलेल्या बोटांनी अलगद तेलात. पद्मजा तिच्या हाताकडे असं बघत होती की मलाच वाटलं, अरे, मी हे कधी बघितलंच नाही. जाताना आयनं उरलेलं पीठ वाटीत घालून दिलं, वर केळीचं पान बांधून, आणि ताडी कुठून येते तेही सांगितलं, दशरथ भंडारी दुधाच्या कळशीतून आणतो ते. आय असं कुणाला सांगत नाही. शेजारणीला सांगत नाही. पुढच्या आठवड्यात पद्मजानं मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. आत गोल गोल, फिकट, आणि एकाच्या कडेला दुसऱ्याचा कोंब फुटलेला, तो फुगतोय, सुटतोय. ‘‘हे तुमच्या आईच्या पातेल्यातले,’’ ती म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. माझ्या आजीनं, पणजीनं ह्यांनाच पोसलं असणार, नाव माहीत नसताना. पद्मजा म्हणाली, बाकीच्या ताडींपेक्षा हे भराभर वाढतात, वाळवले तरी मरत नाहीत. आणि मुंबईतल्या बेकऱ्या यीस्ट कुठून आणतात? परदेशातून, डब्यांतून. सगळीकडे ओरडा चाललाय, परदेशी चलन वाचवा. झाला की लाभ. मी तिथेच तिला वाक्य सांगितलं, लिहा, ‘साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.’ मला वाटलं काय फक्कड वाक्य आहे. वापरात आहे. हाच तो मुडदा शब्द.

कारण कमिटीत अर्ज निघाला तेव्हा कोठारेसाहेबांना आवडला. ते जुने इंजिनिअर, त्यांना चालतं काय आणि चालत नाही काय एवढंच कळतं. पण दुसऱ्या मेंबर विमलाबाई, त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. ‘‘वापरात आहे म्हणजे? दारूबंदी येऊन इतकी वर्षं झाली. ताडी वापरात आहे म्हणजे गाव कायदा मोडतंय, नाहीतर अर्ज खोटा आहे.’’ त्यांचा राग करू नकोस लवू. मी केला, पण तो खरा नाही. त्या घाटकोपरच्या चाळींतून हिंडतात, नवऱ्यानं डोकं फोडलेल्या बायका त्यांनी स्वतः दवाखान्यात नेल्यात. माझा बापूससुद्धा प्यायचा. एकदा त्यानं भाताचं ताट भिंतीवर मारलं, भिंतीवर आमटीचा डाग कितीतरी दिवस होता, आणि दारूबंदी आली तेव्हा आय माउंट मेरीला मेणबत्ती लावून आली. हेही आहे. पण त्यानंतर हेही आहे की माझ्या धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याला फुग्यांसाठी आणलेली ताडीची बाटली पोलिसांनी पकडली. बापसानं तिला तोंडही लावलं नव्हतं. त्याला धरून नेला, खटला झाला, कारखान्यातलं काम गेलं. तो परत आला तो बोलायचाच कमी झाला. आता तो वाडीत वांगी लावतो आणि जीपचा आवाज आला की वांग्यांत खाली बसतो, वाकून काहीतरी उपटत असल्यासारखा. बाटली आयनं मागवली होती. हे त्यानं पोलिसांना सांगितलं नाही आणि आय ते विसरत नाही. पुन्हा पकडलं तर ह्या खेपेला आत जाईल ती आय.

हे सगळं मला माहीत होतं, मला, आणि कोठारेसाहेब म्हणाले, ‘‘उगाच वाद कशाला? चला, आपण जाऊन लोकांनाच विचारू.’’ लोकांनाच. आयुष्यात पहिल्यांदा समितीला लोकांना विचारायची बुद्धी झाली, आणि समितीच्या ओळखीचं ख्रिस्ती गाव माझंच, म्हणून लोक म्हणजे कोण, तर माझी आय. बरं, आधी कळवायचं की नाही? नाही, कळवलं तर लोक तयारी करून बोलतात म्हणे. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, वाट दाखवायला. अर्जदाराला न्यायचं नाही असा नियम, म्हणून पद्मजा नाही. पवईला मोठं इंजिनिअरिंगचं कॉलेज होणार म्हणून खडीचे ट्रक चाललेले, त्यांच्या धुळीत आमची सरकारी जीप, मागे विमलाबाई पांढऱ्या खादीत. लवू, तूच डोळ्यांपुढे आण. आमच्या गावाला ते कसं दिसलं असेल? आणि दिवस कोणता, तर एथेलच्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा. आमच्यात त्या दिवशी गावच्या बायका न बोलावता नवरीच्या घरी जमतात, आपापली परात घेऊन, आणि सगळ्या मिळून फुग्यांचं पीठ मळतात. मोठमोठी तपेली भरतात आणि वर गोधड्या घालून ठेवतात, ऊब राहावी म्हणून. जीप क्रुसाजवळ वळली तेव्हाच मला पोरं पळताना दिसली. मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू जरा, कोंबड्या असतात. कोंबड्या कसल्या, मला आयला वेळ द्यायचा होता.

दारात पोचलो तर घरातून धूर. एव्हामावशीनं चुलीत मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या, ताडीचा वास मारायला. अरे, आत शिरणारा प्रत्येक जण खोकतोय. कोठारेसाहेबांनी रुमाल काढला, विमलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका, आणि बायका भिंतीला टेकून ओळीनं उभ्या, पिठानं पांढरे हात पदराखाली. मी बोललो, ‘‘आय, हे दारूबंदीवाले नाहीत, हे संशोधनवाले आहेत.’’ आयनं माझ्याकडे बघितलं, लवू, असं बघितलं की जणू मी जीपबरोबर आलेला कुणीतरी. बरोबरच आहे, मी जीपमधून उतरलो होतो. ‘‘बसा, पानी घ्या,’’ ती म्हणाली. विमलाबाईंनी आधी तिचं नाव विचारून घेतलं, मग खोकत खोकत, पण अगदी गोड विचारलं, ‘‘डोरोथीबाई, हे फुगे तुम्ही कशानं फुगवता?’’

‘‘सोडा.’’

‘‘ताडी नाही घालत?’’

‘‘ताडी? ती कंची? आमचेकडं कोन आनील ताडी? दादा, बगितलीव काय तुमी ताडी?’’ असं तिनं कोठारेसाहेबांनाच विचारलं. मागून सगळ्या बायका, सोडा, सोडा, सोडा, चर्चमध्ये लितानीच्या प्रार्थनेला एका सुरात जबाब द्यावा तशा. ‘‘पण पहिले घालत असाल?’’ ‘‘पहिलेपासून सोडा.’’ ‘‘आणि सोडा नव्हता तेव्हा?’’ आय म्हणाली, ‘‘तवा फुगे नव्हते.’’ आणि त्याच वेळी कोपऱ्यात चुलीच्या उबेनं ते पीठ वर येत होतं. मोठं तपेलं, गोधडीखाली झाकण, आणि ती गोधडी हळूहळू, आजारी माणूस कूस बदलतो तशी, उचलली जात होती. सोड्यानं असं होत नाही. कुणीही सांगेल, सोड्यानं तळताना फुगतं, गोधडीखाली बसून फुगत नाही. एव्हामावशी सरकली, गोधडीवर कोपर टेकून बसली, जशी काय दमलीय. कोपराखालूनही ती वर येत होती. पीठ कडेनं बाहेर आलं, जमिनीवर ओघळलं, आणि कुणी त्याला हात लावेना. विमलाबाई डोळे पुसत होत्या. पण कोठारेसाहेब बघत होते. मी त्यांना बघताना बघितलं. मग ते पाणी प्याले, लग्नाबद्दल एथेलला आशीर्वाद दिला आणि निघाले. त्या रात्री आयनं माझ्याशी बोलणं टाकलं. लग्नात फुगे झाले, जरा आंबट झाले, पाहुणे काही बोलले नाहीत.

आता कळलं, आज साहेब हसून का विचारत होते? त्यांना माहीत होतं. त्यांनी गोधडी बघितली होती. त्यांना फक्त कुणीतरी तोंडानं बोलायला हवं होतं. त्याआधी विमलाबाई बोलल्या होत्या, ‘‘मी स्वतः विचारलं. एकजात सगळ्या सोडा म्हणाल्या. मग अर्जात हे का लिहिलंय?’’ पद्मजाला हे तिथे पहिल्यांदा कळत होतं. मी तिला सांगितलंच नव्हतं, काय सांगणार, रोज वाटायचं उद्या सांगू. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. कोठारेसाहेब म्हणाले, ‘‘लोकच म्हणतायत की आम्ही वापरत नाही, तर लोकांचा लाभ मी कुठून आणू? एका माणसानं जरी सांगितलं तरी मला पुरे आहे.’’ आणि मग चष्मा काढून मला तो प्रश्न. वाकड्या पातीचं टक् टक्. मी मनात जुळवत होतो रे, भराभर. ताडी म्हणालो की पद्मजाच्या नळ्या वाचल्या, बेकऱ्यांचं यीस्ट झालं, साहेबांनाही हवं तेच झालं. आणि शेजारी विमलाबाई, ज्यांनी आयचं नाव विचारून घेतलंय, ज्यांना उठून कळवावंच लागणार, कारण त्या खोट्या बाई नाहीत. सोडा म्हणालो की मीच सांगितलेलं वाक्य मीच खोटं पाडलं, पद्मजासमोर, ती आमच्या घरी जेवलेली असताना. मी म्हटलं, तिसरं काहीतरी असेल. सांगू की, साहेब, मी स्वयंपाकघरात जात नाही. सांगू की, आजकाल नाही, पूर्वी. तोंडात शब्द येतोय आणि जातोय, आणि मला काय आठवावं, तर त्या मायक्रोस्कोपमधले ते फिकट गोल, एकाला दुसरा फुटणारे. त्यांना काय, त्यांना ना दारूबंदी ना समिती. मला त्यांचाच राग आला. सगळ्यांचा आला. आयचा आला, एवढं सराईत खोटं बोलता येतं तिला. साहेबांचा आला, स्वतः बघितलं तर स्वतः बोला ना, तुमच्या डोळ्यांना काय कागद लागतो? बापसाचा आला. एवढंच कसं विचारतात हे लोक, की उपयोग आहे का? उपयोग आहे म्हणून तर लपवायला लागतंय.

आणि मग पद्मजा बोलली.

‘‘सोडाच घालतात, साहेब.’’

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘मी त्यांच्याकडे जेवलेय. समोर बसून बघितलंय.’’

‘‘मग अर्जात लिहिलंत ते?’’

‘‘ऐकीव होतं. माझी चूक झाली.’’

कोठारेसाहेब तिच्याकडे बघत राहिले. पेन हातात, टोपण काढलेलं. ‘‘म्हणजे लोकांना प्रत्यक्ष लाभ काही नाही, असं मांडू?’’

‘‘मांडा,’’ ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, लवू. तेव्हाही वेळ होता. शिपायानं पुढच्या अर्जदाराला हाक मारली, तो आत येऊन नमस्कार करून बसेपर्यंत वेळ होता. मग तो कावळ्यांवाला आला आणि त्याला मिळालं.

मी कागद टेबलावर टाकून तिच्यामागे धावलो. फाटकाजवळ गाठली. मला वाटलं ती रडत असेल, तर ती संतापलेली. ‘‘पद्मजा, तुम्ही का असं केलंत?’’ मी म्हटलं.

‘‘मग काय करू? तिला पकडून देऊ? मी तिच्या हातचं खाल्लंय.’’

‘‘मी बोलणार होतो.’’

‘‘काय?’’

मी फाटकाची कडी लावत-काढत राहिलो.

‘‘बघा,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सोडा म्हणाला असतात ना गिल्बर्ट, तर मी तुमच्याशी भांडले असते, तिथल्या तिथे, आणि मला बरं वाटलं असतं. ताडी म्हणाला असतात तर मी म्हटलं असतं, हा माणूस आईला विसरला. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही गप्प बसलात आणि सगळं माझ्यावर टाकलंत.’’ मग छत्री उघडली, ऊन होतं म्हणून, आणि म्हणाली, ‘‘आता नळ्या मला स्वतःच धुवाव्या लागतील. दुसऱ्या कुणाला धुवू देणार नाही.’’ आणि गेली. मी तिला म्हटलंसुद्धा नाही की धुवायला येतो.

तू काहीतरी बोलणार आहेस, तुझ्या तोंडावर दिसतंय. थांब. अजून एक आहे, त्याच्यासाठीच मी आलोय. ऑफिसातून घरी गेलो. आय ओटीवर बोंबील निवडत बसलेली. एथेलच्या लग्नानंतर आमचं बोलणं असं तुटक तुटक चालू होतं, जेव, झोप, पानी भर. आज तिनं स्वतःहून तोंड उघडलं. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘ती तुजी पदमजा, काय झाला रे तिचा? दिला काय सरकारान?’’

‘‘नाय दिला,’’ मी म्हटलं.

‘‘का? येवरी चांगली पोर. एव्हाचे हाताकडं कशी बगत व्हती. मी तर एथेलच्या लग्नात तिचे नावान येगली मेणबत्ती लावली, काम व्हवं म्हून.’’ तिला खरंच वाईट वाटलं होतं रे, डोळे भरून आले तिचे. मग ती चिडली. माझ्यावर नाही, त्यांच्यावर, सरकारवर, ऑफिसवर, खुर्चीत बसलेल्या सगळ्यांवर. म्हणाली, ‘‘ह्यांना काय कलतं? कोन नाय बोलला? नाव सांग मना त्याचा. तुमचे त्या कमिटीत कोन नाय बोलला?’’

मी म्हटलं, लवूकडे जाऊन येतो, आणि चपला न घालता निघालो, बघ, पाय बघ माझे. ती ओटीवरच बसलेली असणार. परत गेलो की पुन्हा विचारणार, नाव कळल्याशिवाय सोडायची नाही ती. मला रस्ताभर सुचलं नाही. तू असतास तर काय सांगितलं असतंस तिला?